तिसरी ओळ

९ जानेवारी

प्रिय वेलांटी,

खट्. आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबली की असा आवाज यायचा, आठवतो? एकट्या काळ्या बटणाचा आवाज मऊ होता, कुणी दमून खुर्चीत बसावं तसा. पण काळं आणि लाल मिळून दाबलं की खट्, कुलूप लागावं तसं. सव्वीस वर्षांत मी तो आवाज एकदाही ऐकलेला नाही, आणि तो ऐकला नाही असा एक दिवस गेलेला नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पत्राची सुरुवातच अशी गोंधळाची झाली, तेव्हा दोन मार्क कापून घे.

पत्ता आत्याने दिला. तिच्यावर रागावू नकोस. आधी तिने साफ नकार दिला, मग मी आठ दिवस तिचा फोन उचलला नाही, तेव्हा कंटाळून दिला. वर म्हणाली, दादा, उत्तराची वाट बघणार नसशील तरच लिही. नाही बघणार, म्हणालो. म्हणजे पत्राला हात घालायच्या आधीच एक खोटं बोलून झालं.

वेलांटी म्हटलेलं चालेल ना? पाळण्यात तू पाय पोटाशी घेऊन अशी वळून झोपायचीस की मला दुसरं काही दिसायचंच नाही. आता पंचेचाळिशीच्या बाईला कुणी या नावाने हाक मारत असेल असं वाटत नाही. नसेल आवडत तर सोडून देऊन पुढचं वाच.

तर हकिकत अशी. दोन महिन्यांपूर्वी मी न्हाणीघरात घसरलो आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा खालून निघालेली बोटं माझी नव्हती. कुणीतरी पेन्सिलींचा जुडगा बांधून दिला होता. दवाखान्यात बोटांचे व्यायाम करून घेणारी एक बाई आहे. तिच्या हुद्द्याचं नाव उच्चारताना माझी कवळी हलते, म्हणून मी तिला बोटवाली बाई म्हणतो. तिने दाबायला स्पंजचा चेंडू दिला. मी तो चार दिवस दाबला आणि पाचव्या दिवशी खिडकीतून टाकला. ती हसली, आणि घरात एखादं वाद्य आहे का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. घरी आलो आणि माळ्याकडे बघत बसलो.

तुझी गिटार अजून त्याच निळ्या चादरीत आहे. म्हणजे होती. आता ती माझ्या पलंगावर, तुझी आई झोपायची त्या बाजूला असते. तारा गंजल्या होत्या. बोटवाली बाई कॉलेजात असताना वाद्यवृंदात गिटार वाजवायची. तिने नव्या तारा चढवून दिल्या आणि बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. तिच्या मते हा व्यायाम आहे. मी तिला तसंच समजू दिलं आहे.

चादरीच्या आत गिटारची खोळ होती, तिच्या खिशात दोन कॅसेटी सापडल्या. तुला सगळं ठाऊक आहे, पण मला लिहू दे. लिहिलं की माझं डोकं जाग्यावर राहतं. पहिलीत नुसते तुझे चार कॉर्ड आहेत, फिरून फिरून येणारे. ही कॅसेट तू एका यंत्रावर लावायचीस, तिच्यावर सुरावट वाजवायचीस आणि दुसऱ्या यंत्रात दोन्ही एकत्र भरायचीस. ती झाली दुसरी कॅसेट, संगीत विद्यालयाला निवडीसाठी धाडायची होती ती. त्या दुसरीत मधोमध, जिथे तुझा सोलो होता, तिथे माझा आवाज आहे. आठवीच्या वर्गासाठी म्हटलेली कविता. चाळीस सेकंद. ती संपली की पुन्हा तुझी गिटार.

ते चुकून झालं, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं.

मला ते चाळीस सेकंद परत बसवायचे आहेत. हसू नकोस. मी दिवसभर शाळेत असायचो, तुझं वाजवणं माझ्या कानावर कधी पडलंच नाही. पण सोलोतलं थोडंथोडं मला आठवतं, विशेषतः तिसरी ओळ. बोटं चालायला लागली की बाकीचंही आठवेल. मग ते पहिल्या कॅसेटच्या कॉर्डांवर वाजवून तुला पाठवीन. पुढे तू त्याचं काहीही कर.

तुझा बाबा


२३ जानेवारी

प्रिय वेलांटी,

तुझं पत्र आलं नाही. अर्थात मी वाट बघत नव्हतो.

बोटवाल्या बाईने मला पाच सुरांचा एक जिना शिकवला आहे. कॉर्ड कुठलाही चालू असो, या पाच पायऱ्यांवर कुठेही पाय ठेवा, पडणार नाही, म्हणाली. मी पंधरा मिनिटांत पडून दाखवलं. मग विचारलं, सोलो रचतात कसा? तर म्हणते, मनाला येईल ते वाजवा. आता जो माणूस छत्तीस वर्षं मुलांच्या वह्यांवर 'मनाला येईल ते लिहू नये' असा लाल शेरा मारत आला, त्याने हे ऐकून काय करावं?

म्हणून मी माझ्याच वाटेने गेलो. तुझे कॉर्ड मोजले. चार ओळी, दर ओळीत चार घरं, दर घरात चार ठोके. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: चार ओळी, दर ओळीत चार गण, हे तर भुजंगप्रयात. लघूला एक ठोका, गुरूला दोन. रात्रीची झोप सोडून मी अख्खं कडवं तारांवर मांडलं आणि सकाळी कॅसेट लावली. पहिली ओळ संपवून मान वर केली तर कॉर्ड दुसऱ्या ओळीत पोचलेले. कागद घेतला आणि मोजलं. वृत्ताच्या ओळीत वीस मात्रा, कॉर्डांच्या ओळीत सोळा. दर ओळीला चार मात्रा जास्त. चार ओळींत मिळून एक अख्खी ओळ माझ्या दाराबाहेर उभी राहिली, आत घ्या म्हणत.

मग मी पादाकुलक काढलं. सोळा मात्रा, आठावर वळण. वेलांटी, ते असं चपखल बसलं की मी एकटाच खुर्चीत टाळ्या वाजवत बसलो. डाव्या हाताने कळ मारली, तरी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बोटवाल्या बाईला ऐकवलं. ती शेवटपर्यंत मान हलवत होती.

"छान बसलंय, काका. शिलाई मशीनसारखं."

मी म्हटलं, म्हणजे काय?

"म्हणजे श्वास कुठे घेतलात तुम्ही?"

गिटारला श्वास कशाला लागतो, असं मी म्हणणार होतो, पण तिनेच सांगितलं की गिटारला लागत नाही, ऐकणाऱ्याला लागतो. मला फार लाज वाटली. यती, वेलांटी, यती. फळ्यावर ओळीच्या मध्ये उभी रेघ मारून मीच सांगायचो ना, की इथे थांबा, कवितेलाही घोट गिळू द्या? सगळं शिकवून बसलो आणि स्वतःच्या बोटांना सांगायचं राहिलं.

आणखी एक. भिंतीपलीकडची नर्सबाई आठवते? रात्रपाळी करून दुपारी झोपायची आणि तुझी गिटार सुरू झाली की भिंतीवर ठोके मारायची. मला तिने तुझ्याबद्दल एक तक्रारपत्रही दिलं होतं, त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या आणि त्या मी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं होतं. तू गेलीस त्या आठवड्यात ती जिन्यात भेटली. मी म्हणालो, आता झोपा निवांत. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. ती केव्हाच निवृत्त झाली, पण भिंत आणि सवय दोन्ही शाबूत आहेत. काल माझं वाजवणं चालू होतं आणि ठक, ठक, ठक. मी तत्काळ थांबलो. या वयात कुणाशी भांडायचं?

तुझा बाबा


११ फेब्रुवारी

प्रिय वेलांटी,

आज मला स्वतःचंच काही समजत नाहीये, तेव्हा हे पत्र जरा सांभाळून वाच.

बोटवाल्या बाईने नवा नियम घातला आहे. आधी तोंडाने म्हणायचं, मग वाजवायचं. जे म्हणता येत नाही ते वाजवायचं नाही. पहिली ओळ कुणी काही विचारल्यासारखी, दुसरी त्याला उत्तर दिल्यासारखी. म्हणून हल्ली मी सकाळी खिडकीशी बसून ला ला करतो. समोरच्या दुकानातला न्हावी वस्तरा थांबवून बघतो. कवळी काढली तर सूर बरा लागतो आणि शब्द जातात, घातली तर शब्द येतात आणि सूर जातो.

अडचण वेगळीच आहे. तुझा सोलो आठवायला म्हणून बसतो आणि काहीतरी तोंडात येतं. ते तुझं की माझं? परवा एक जागा सापडली. सरसरून काटा आला अंगावर. म्हटलं, हीच, दुसऱ्या ओळीचा शेवट. दिवसभर तीच घोळवली. संध्याकाळी समोरच्या इमारतीच्या लिफ्टचं दार कुणीतरी उघडं ठेवलं आणि ती धून वाजायला लागली, दार बंद करा सांगणारी. हुबेहूब तीच. मी तुझ्या नावावर लिफ्ट लिहून ठेवली होती.

मग प्रत्येक सुराचा संशय यायला लागला. वहीत दोन रकाने पाडले, 'तिचं' आणि 'माझं'. पहिल्या दिवशी 'तिचं' या रकान्यात अकरा जागा होत्या. आज तीन आहेत. आणि खोडलेल्या आठांपैकी दोन पुन्हा तिकडे न्याव्यात असं आत्ता लिहिताना वाटतंय. तुझी आई म्हणायची, तुम्हाला मीठ कमी आहे की जास्त हेही दुसऱ्याने सांगावं लागतं. ते तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

बाईने आणखी एक युक्ती सांगितली. म्हणाली, "चुकीचा सूर लागला तर दचकायचं नाही, काका. गिटारच्या दांडीवरच्या शेजारच्या पट्टीवर सरळ घसरायचं. लोकांना वाटतं, मुद्दामच केलं."

मी म्हटलं, आणि एखाद्याने मुद्दाम केलेलं असेल आणि लोकांना वाटावं की चुकून झालं, तर त्यासाठी काही युक्ती? ती म्हणाली, तसं कोण कशाला करेल?

नर्सबाईचं चालूच आहे. मी वेळ बदलली, दुपारी तीनची पाच केली. तरी ठोके. मग सकाळी अकराला वाजवलं. त्या वेळी कोण झोपतं? तरी ठोके. कपडे वाळत घालायची लांब काठी आहे ना तिची, तिचंच टोक असावं, भिंतीचा रंग आमच्या बाजूलाही झडतो. आता मी तारांखाली पायमोजा खुपसून वाजवतो. आवाज असा येतो की कुणी उशीत तोंड खुपसून बोलावं.

आत्याचा फोन होता. माझी पत्रं तुला पोचतात, एवढंच म्हणाली. वाचते का, असं विचारलं तर म्हणाली, ते मी कसं सांगू, दादा, मी काय तिच्या खांद्यावर बसलेली असते? पण तू ती फेकलेली नाहीस, हे तिच्या बोलण्यावरून मी ताडलं. की तेही मीच मनाने लिहिलं, कोण जाणे.

बाबा


२७ फेब्रुवारी

वेलांटी,

आज यंत्राने तुझी पहिली कॅसेट गिळली.

तिसऱ्या ओळीतला चौथा कॉर्ड एकदम गुरगुरला, मग बुडबुडला आणि थांबला. झाकण उघडलं तर आत तपकिरी फितीचा गुंता. मी ती हातभर लांब ओढून काढली, चष्मा चढवून, जीव मुठीत धरून, आणि पेन्सिलीने परत गुंडाळली. फीत तुटली नाही, पण तेवढ्या भागाला सुरकुत्या पडल्या. आता तिथे तुझे कॉर्ड थरथरतात, थंडीत उभं राहून वाजवल्यासारखे.

मी इतका घाबरलो की तसाच दवाखान्यात गेलो. बोटवाल्या बाईने दोन रुग्णांच्या मधल्या वेळात कॅसेट आपल्या मोबाइलमध्ये भरून घेतली आणि म्हणाली, आता झिजायची भीती नाही. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. झिजत होती तोवर मला घाई करायला काही कारण तरी होतं.

मी घाईत दोन्ही कॅसेटी नेल्या होत्या. तिने दुसरीही भरून घ्यायला लावली. मी नको म्हणेपर्यंत सुरू झाली होती. तुझी गिटार वाजली, मग तिथे माझा आवाज आला, मग पुन्हा तू. बाईने मागे नेऊन ते परत ऐकलं. मग तिसऱ्यांदा, बोटाने टेबलावर ठोके धरून.

"काका, ही चूक फारच नेमक्या जागी झाली आहे. पहिल्या ठोक्याला सुरू आणि शेवटच्या ठोक्याला बंद."

मी म्हटलं, हो का?

तिने माझा डावा हात घेतला आणि रोजच्यासारखी एकेक बोट मागे वाकवत राहिली. पुढचा रुग्ण आला तेव्हा सोडला.

घरी येताना तीन वेळा रस्ता चुकलो. छत्तीस वर्षं याच रस्त्याने शाळेत गेलो मी. या बाईला दोन मिनिटांत जे कळलं, ते ज्या मुलीने तो सोलो रचला तिला कळलं नसेल का? सव्वीस वर्षं मी समजत होतो की तू माझ्या निष्काळजीपणावर रागावून गेलीस. म्हणजे, तसं समजायला मला सोयीचं होतं.

माझ्या पहिल्या पत्रातच तू मला पकडलं असशील. तुझं वाजवणं कानावर कधी पडलं नाही म्हणणारा माणूस तिसरी ओळ कशी आठवतो?

पुढचं आज लिहवत नाही.

बाबा


६ मार्च

प्रिय वेलांटी,

गुरुवार होता. शाळेत मला थंडी वाजून ताप भरला आणि मी दुपारी घरी आलो. तू बाहेर गेली होतीस, लिफाफा आणायला असावीस. कॅसेट यंत्रातच होती. मला आठवीसाठी कविता भरायची होती; कॅसेट कोरी आहे का बघायला म्हणून मी काळं बटण दाबलं. इथपर्यंत मी तुला सांगितलेलं सगळं खरं आहे.

ती कोरी नव्हती. मी पलंगावर बसून ऐकली. पहिल्यांदा काही कळलं नाही, मला त्यातलं काय कळणार? पण तो सोलो सुरू झाला आणि तिसऱ्या ओळीत तुझी आई आली.

काही हरवलं की ती जे गुणगुणायची, ते. चष्मा, किल्ली, माझी फाउंटन पेनची टोपणं. चारच सूर. हे गाणं नव्हे, तिला स्वतःला ठाऊकही नव्हतं की ती गुणगुणते. तू ते घेतलंस, ताणलंस, एका सुरावर थांबलीस आणि मग सोडून दिलंस. मला वाटलं, आतल्या खोलीत ती चष्मा शोधते आहे. मी उठलोसुद्धा.

तिला जाऊन चौदा महिने झाले होते. चौदा महिने आपण दोघं एकाच टेबलावर जेवलो आणि तिचं नाव काढलं नाही. मी समजत होतो की तुला त्रास होऊ नये म्हणून मी बोलत नाही. तू काय समजत होतीस ते मला माहीत नाही. आणि तुला जे बोलायचं होतं ते तू भिंतीला, तारांना, त्या यंत्राला सांगितलंस आणि आता लिफाफ्यात घालून परक्या लोकांना पाठवणार होतीस.

एवढंच असतं तरी मी ते केलं नसतं. दुसरं जे आहे ते मी कधी आत्यालाही सांगितलेलं नाही. माझ्या कपाटात एक वही होती, तिच्यावर तुझ्या आईचं नाव. चौदा महिन्यांत तिच्यात मी एकच ओळ लिहिली होती आणि तीही खोडली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या कविता घोकून घेतल्या, रडायच्या जागा मुलांना खडूने अधोरेखित करून दिल्या. आणि स्वतःची बायको गेल्यावर मला एक ओळ आली नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला आली. शब्दाशिवाय आली. वेलांटी, तो मत्सर होता. दुसरा शब्द मी खूप शोधला.

मी फीत मागे नेली. दोनदा पुढेमागे करून जागा धरली. मग खट्. कविता म्हटली. त्या दिवशी आवाज फार छान लागला होता, हेही मला आठवतं. चाळिसाव्या सेकंदाला बटण उचललं, कारण तुझं पुढचं खराब होऊ नये असं मनापासून वाटलं. हे वाक्य मी दहा वेळा वाचलं. त्याचा अर्थ मला लागत नाही.

तू परत आलीस आणि उभ्या उभ्या ऐकलंस. मी म्हटलं, कोरी वाटली. तू भांडली नाहीस. पुन्हा वाजवून भर, असं मी म्हणालो होतो, हळू आवाजात. तू ऐकलंस का माहीत नाही. गिटार चादरीत गुंडाळलीस, स्टूल घेऊन माळ्यावर ठेवलीस आणि नवव्या दिवशी तुझी बॅग दारात होती. आत्या सांगते की तेव्हापासून तू कुठल्याच वाद्याला हात लावलेला नाहीस. त्या चाळीस सेकंदांत मी किती पुसलं, ते मला तिच्याकडून कळलं.

मी माफी मागत नाही. ती मागितली की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि मी वाट बघत नाही असं कबूल केलं आहे. मी फक्त तेवढी जागा भरून परत देतो.

बाबा


१९ मार्च

प्रिय वेलांटी,

आत्याने तुझा निरोप दिला. फोनवर तिने तो दोनदा सांगितला, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही, घोकून आल्यासारखा. "त्यांना सांग, चूक नव्हती हे मला तेव्हाच कळलं होतं. आणि सांग, तो सोलो आता मलाही आठवत नाही."

मी फोन ठेवला आणि गिटार पुसत बसलो. तासभर तीच एक जागा पुसत होतो.

तुला आठवत नसेल असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मला वाटायचं, मी चुकलो तर तू तिथे बसून म्हणशील, छे, असं नव्हतं. आता ते म्हणायलाही कुणी नाही. तू विसरलीस आणि मी एकदाच ऐकला, तापात. म्हणजे मी जे वाजवीन तेच खरं ठरणार. इतकी मोकळीक मला आयुष्यात कुणी दिली नव्हती, आणि मला ती नको आहे.

तरी आज बसलो. बाई म्हणते, पूर्ण होण्याची वाट बघू नका, जे आहे ते भरा आणि मग ऐका. मोबाइलवर भरा म्हणाली. मी म्हटलं, नाही, त्याच यंत्रावर. नवी कोरी कॅसेट आणली. ती खरंच कोरी आहे का, हे मी दुकानातच शेवटपर्यंत ऐकून पाहिलं, दोन्ही बाजू. दुकानदाराला वाटलं म्हातारा सरकला आहे. बाईने माझ्या मोबाइलवर पाठवलेले तुझे कॉर्ड लावले, पायमोजा काढून टाकला आणि काळं आणि लाल दोन्ही दाबलं. खट्. काही झालं नाही. आवाज तसाच आहे, फक्त लहान झाला आहे.

पहिली ओळ बरी आली. विचारल्यासारखी. दुसरीत श्वास घेतला, तुझ्या शपथेवर, दोनदा घेतला. चौथी ओळ मी साधीच ठेवली आहे, घरी परत येणारी. तिसरीत तुझ्या आईचे चार सूर. ती शोधायची तेव्हा सूर वर वर चढत जायचा, कुठे गेलं, कुठे गेलं, असा. मीही तो पाचव्या पट्टीवरून वर नेतो आणि शेवटच्या सुराला तार ओढतो. एवढीच एक जागा अशी आहे की जिच्याबद्दल मला संशय नाही. 'तिचं' या रकान्यात आता तेवढी एकच उरली आहे.

तीनदा वाजवलं, तीनदा भरलं. नर्सबाईने तिन्ही वेळा भिंत बडवली. मी थांबलो नाही. आज थांबलो असतो तर पुन्हा बसलो नसतो.

मग ऐकायला बसलो आणि एक गोष्ट लक्षात आली. ती वाजवताना कळली नव्हती. ठोके कॅसेटमध्येही उतरले आहेत. पहिल्या खेपेला तिसऱ्या ओळीत. दुसऱ्या खेपेला तिसऱ्या ओळीत. तिसऱ्या खेपेलाही तिथेच, त्याच घरात. पहिल्या ओळीत नाहीत, दुसरीत नाहीत, चौथीत नाहीत. मी वही काढून खुणा केल्या. गेल्या महिन्यातल्या ठोक्यांच्या वेळा मी तक्रारीसाठी टिपून ठेवल्या होत्या. पण त्या घड्याळाच्या आहेत, ओळीच्या नाहीत, त्यांचा काही उपयोग नाही. झोपमोड झालेलं माणूस भिंत बडवताना घर मोजून बडवतं का? मी चौथ्यांदा मुद्दाम फक्त तिसरी ओळ वाजवली. ठक, ठक, ठक. मग फक्त चौथी वाजवली. काही नाही. पुन्हा तिसरी. या वेळी ठोके इतके जोरात की खुंटीवरची छत्री पडली.

मला हे काय चाललंय ते समजत नाही. तुला समजत असेल तर

थांब, दार वाजतंय. बेल असताना कुणीतरी दार बडवतंय.

*

अक्षर बिघडलं आहे, सांभाळून घे.

दारात नर्सबाई उभी होती. सव्वीस वर्षांत मी तिला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. केस पांढरे झाले आहेत, आणि ती काठी हातात. मी म्हणालो, उद्यापासून वाजवणार नाही. तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"मास्तर, दोन महिने भिंत बडवतेय मी. तिसऱ्या ओळीत ती वर नाही जायची. खाली यायची."

मी विचारलं, कोण?

"कोण म्हणजे? पोर तुमची. तीन महिने रोज दुपारी माझ्या उशाशी वाजवायची, मला पाठ झालंय सगळं. ती गेली त्यानंतर माझी झोपच गेली." मग म्हणाली, "वहिनी नाही का पलंगाखाली वाकून चष्मा शोधायच्या, तेव्हा करायच्या? तसं. खाली, खाली, खाली. तुम्हाला एवढं कसं आठवत नाही?"

आणि तिने काठी भिंतीला टेकवली, डोळे मिटले आणि तिथेच, पायातली चप्पल न काढता, ते चार सूर एकेक करून खाली उतरवले. चौथ्यावर थांबली. तुझ्यासारखी.

मी कडी धरून उभा होतो, वेलांटी. तिला आत या म्हणायचंही सुचलं नाही.